दादा लांब का फेकत नाही

दुबईला निघालो तेव्हा वाटलं होतं, दर शुक्रवारी क्रिकेट खेळायला मिळेल. पहिलं वर्षभर मिळालंही. शारजा औद्योगिक क्षेत्रात आमच्या कंपनीचं यार्ड होतं. त्याच्या मागे रेताड मोकळी जागा होती आणि यार्डातल्या कोकणी पोरांनी तिथे सिमेंट ओतून पिच केलं होतं. मग आमच्याकडे नवा प्रोजेक्ट मॅनेजर आला. अमेरिकन. त्याने आमचे शुक्रवार घेतले.

मला त्या कंपनीत दादाने आणलं होतं. तो पाइपलाइनच्या कामावर इन्स्पेक्शन इंजिनियर, मी प्लॅनिंगमध्ये. बर दुबई या भागात देवळाच्या गल्लीपासून जवळ आमचं घर होतं. आत दादा, वहिनी आणि माझी पुतणी, बाहेर हॉलमधल्या सोफ्यावर मी. सकाळी दोघं भाऊ एकाच गाडीने ऑफिसला जायचो, संध्याकाळी एकाच गाडीने परत. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे माझ्या शिक्षणाचं, नोकरीचं सगळं त्यानेच पाहिलेलं. त्याच्यावर संशय घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

कंपनीच्या पिकनिकला दादाने सीमारेषेवरून फेकलेला चेंडू थेट स्टंपवर बसला. अमेरिकन साहेब खुर्चीत बसून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने दादाला केबिनमध्ये बोलावलं आणि हातात त्यांच्याकडचा फुटबॉल दिला. सोललेल्या नारळाएवढा, तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता. दादाने ऑफिसच्या पार्किंगमध्ये तो पहिल्यांदा फेकला तेव्हा वाकडातिकडा गेला, पण गेला लांब. साहेब म्हणाला, "हा माझा क्वार्टरबॅक."

आखाती कंपन्यांमधल्या अमेरिकन लोकांनी हिवाळ्यात एका शाळेच्या हिरवळीवर स्पर्धा सुरू केली होती. टीव्हीवर दिसते तशी धडकाधडकी नव्हती. प्रत्येकाच्या कमरेला दोन कापडी पट्ट्या लावलेल्या असायच्या. ज्याच्या हातात बॉल आहे त्याची पट्टी समोरच्याने ओढली की खेळ तिथेच थांबायचा. चार प्रयत्नांत बॉल पलीकडच्या रेघेपार न्यायचा. प्रत्येक प्रयत्नाला बॉल आधी क्वार्टरबॅकच्या हातात यायचा आणि तो ठरवायचा, जवळच्याला हलकेच द्यायचा की लांब पळणाऱ्याकडे फेकायचा. लांब फेकला आणि आपल्या माणसाने झेलला तर एका दमात अर्धं मैदान पार. पण हवेतल्या हवेत समोरच्यांनी पळवला तर बॉल त्यांचा.

मी त्यातला लांब पळणारा. पहिल्या हिवाळ्यात दादा फेकायचा आणि मी झेलायचो. आमचं बोलणंसुद्धा व्हायचं नाही. मी पळत सुटायचो, मान वळवायचो, तर बॉल खांद्यावर येऊन उतरलेला असायचा. त्या वर्षी आम्ही बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरलो. दादाचा एक लांब फेकलेला बॉल समोरच्यांनी पळवला होता. पण त्याबद्दल कुणी त्याला बोललं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात दादा बदललेला होता.

तो लांब फेकेनासाच झाला. मी पळत जायचो, माझ्या आसपास चिटपाखरूही नसायचं, मी हात वर करायचो. दादा माझ्याकडे बघायचा, मग बाजूला उभ्या असलेल्या आमच्या लेबनीज साइट इंजिनियरला हलकेच बॉल द्यायचा. चार पावलं पुढे. पुन्हा तेच. पुन्हा चार पावलं. गंमत म्हणजे आम्ही जिंकत होतो. थोडक्यात, रडतखडत, पण जिंकत होतो. दादाच्या हातून चूक होत नव्हती आणि समोरच्यांच्या हातून होत होती.

ऑफिसच्या पँट्रीत यावरून रोज वाद सुरू झाला. साहेब कॉफीचा मग घेऊन उभा राहायचा आणि मास्तरासारखं समजावून सांगायचा. "साखळी सामन्यात जपून खेळणारा चालतो. बाद फेरीत नाही. तिथे समोरचेही चुका करत नाहीत. तिथे कुणीतरी धाडस करावंच लागतं, आणि ते क्वार्टरबॅकलाच करावं लागतं."

लेबनीज इंजिनियर दादाच्या बाजूने होता. का नसेल, सगळे बॉल त्यालाच मिळत होते. "हबीबी, जिंकतोय ना? खलास," एवढं बोलून तो चहात साखर घालायचा.

मी मध्ये पडायचो नाही. पण मनातल्या मनात साहेबाचं पटायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा तो दादाचा. आपल्या भावावर याचा विश्वास नाही, असं वाटायचं. मग हळूहळू दुसरंच काही वाटायला लागलं.

ती वर्षंच तशी होती. क्रिकेटमध्ये कोण कुणाकडून काय घेऊन हरतो याच्या बातम्या वाचून सगळ्यांची नजर बिघडली होती. कुठल्याही मैदानावर कुणी हळू खेळलं की बघणारे एकमेकांकडे बघायचे. आपल्या माणसाकडेही तसंच बघायची सवय लागते, हे मला तेव्हा कळलं.

पहिली गोष्ट गाडीच्या किल्लीची. दादाला गाडी चालवायची भारी हौस. पण त्या हिवाळ्यात ऑफिस सुटलं की तो किल्ली माझ्याकडे टाकायचा. "तू चालव, तुझा हात बसू दे." माझा हात केव्हाच बसलेला होता.

दुसरी गोष्ट बुधवारची. दर बुधवारी दुपारी तो यार्डात जातो म्हणून निघायचा, तेही टॅक्सीने. एकदा मला एका ड्रॉइंगसाठी तो हवा होता म्हणून यार्डात फोन केला. तिथला स्टोअरकीपर चिपळूणकडचा. तो म्हणाला, "मोठे साहेब? ते तर महिन्याभरात इकडे फिरकले नाहीत." मी फोन ठेवला आणि संध्याकाळी दादाला विचारलं, "यार्डात काय म्हणतायत?"

"चाललंय," तो म्हणाला. "वेल्डिंगचं जरा मागे आहे."

इतक्या सहजपणे म्हणाला की मी यार्डात केलेल्या फोनचं सांगितलंच नाही.

वहिनीच्याही लक्षात काहीतरी आलं होतं. एक दिवस दादा पुतणीला शाळेत सोडायला गेलेला असताना तिने गॅस बारीक केला आणि विचारलं, "भाऊजी, ऑफिसात काही आहे का? म्हणजे, प्रोजेक्ट संपत आलाय, माणसं कमी करणार, असं काही?"

"बोलतायत लोक. अजून नक्की नाही."

"हे काहीतरी लपवतायत. पेपर वाचत बसतात, पण पान उलटत नाहीत."

मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं असतं तर ती आणखीच घाबरली असती.

तिसरी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. वहिनीने मीना बाजारातून शिवायला टाकलेले ब्लाउज आणायला सांगितलं होतं. दुकानातून बाहेर पडलो तर समोरच्या पार्किंगमध्ये एक पांढरी मोठी गाडी थांबली आणि तिच्यातून दादा उतरला. गाडी चालवणाऱ्याला मी ओळखत होतो. आमच्या कामावर देखरेख करणारी अबुधाबीची जी कन्सल्टंट कंपनी होती, तिचा इंग्रज मॅनेजर. दोघांनी हात मिळवला. इंग्रज दादाच्या खांद्यावर थोपटून निघून गेला.

साखळी सामने संपले होते आणि उपांत्य सामना आमचा त्याच कंपनीच्या टीमशी होता.

मी घरी येऊन ब्लाउज वहिनीच्या हातात दिले. दादा पाच-दहा मिनिटांनी आला. कुठून आलात, असं वहिनीने विचारलं. "ऑफिसातून," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पँट्रीत लेबनीज इंजिनियरने मला कोपऱ्यात घेतलं. तोही त्या संध्याकाळी त्याच बाजारात होता म्हणे. आता तो दादाच्या बाजूने नव्हता. "तुझा भाऊ लांब का फेकत नाही हे मला आता कळतंय," तो म्हणाला. "तुला कळतंय का?"

"नाही," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते, आणि खरंही नव्हतं.

उपांत्य सामन्याच्या शुक्रवारी मैदानावर आमच्याच टीममधलं वातावरण विचित्र होतं. दादा ज्याला बॉल द्यायचा तो आधी दादाच्या तोंडाकडे बघायचा. बाहेरून साहेब ओरडत होता, "लांब, लांब!" पलीकडच्या बाजूला तो इंग्रज मॅनेजर हाताची घडी घालून उभा होता. मी पळत होतो, हात वर करत होतो, आणि बॉल येत नव्हता. मला खात्री वाटत होती की शेवटी हा काहीतरी चूक करणार, मुद्दाम करणार, आणि मी ती ओळखणार.

त्याने चूक केली नाही. शेवटच्या प्रयत्नात रेघ अगदी जवळ होती आणि त्याने नेहमीसारखा हलकेच बॉल लेबनीज इंजिनियरच्या पोटाशी दिला. तो रेघेपार पडला. आम्ही जिंकलो. इंग्रजाने मैदानात येऊन दादाचा हात हातात घेतला, आणि मला त्याच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली नाही. मला तेही संशयास्पद वाटलं. हरलेला माणूस हसतो कशाला?

घरी येताना गाडी मीच चालवत होतो. खाडीवरच्या पुलापाशी ट्रॅफिक तुंबला होता. मी समोर बघत विचारलं, "आज मी कितीदा एकटा होतो. तुला मी दिसत नव्हतो का?"

मला टोमणा मारायचा होता. दादा म्हणाला, "नाही दिसत."

"म्हणजे?"

"जवळचं दिसतं. लांब गेलास की तू दोन होतोस. कधीकधी तीन. त्यातल्या कुठल्याला फेकू?"

मागून कुणीतरी हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली. दादा शांतपणे सांगत होता. उजव्या डोळ्याचा पुढचा पडदा पातळ होऊन सुळक्यासारखा पुढे येतोय, डावाही त्याच वाटेवर आहे. चष्म्याने भागत नाही. कडक लेन्स घातली तर दिसतं, पण धुळीत, वाऱ्यात ती डोळ्यात काचेसारखी टोचते. मैदानावर घालता येत नाही, साइटवर तर नाहीच. बुधवारी तो शारजाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचा.

"ऑफिसात का नाही सांगितलंस?"

"उंचावर चढायचं मेडिकल असतं आमचं. नापास झालो की साइट बंद. साइट बंद म्हणजे मी कशाला हवाय त्यांना?"

"आणि तो इंग्रज?"

"त्याच्याकडे टेबलावरचं काम मागितलंय. रिपोर्ट तपासायचं. त्याला डोळ्याचं सांगितलंय, त्याच्यापाशी लपवलं नाही."

"सगळं ऑफिस म्हणतंय, तू त्याच्याशी मॅच ठरवलीस."

"नोकरी मागितली होती," दादा म्हणाला. "मॅच दिली नव्हती."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सहा महिने घरातल्या घरात इतकं सफाईने खोटं बोललेला माणूस आता खरं बोलतोय हे कशावरून? पुढच्या बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि त्याला म्हणालो, मी सोडतो तुला. खरं तर मला तो दवाखाना आहे की नाही हेच बघायचं होतं. दवाखाना होता. टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. हैदराबादी डॉक्टरने कॉम्प्युटरवर दादाच्या डोळ्याचा रंगीत नकाशा दाखवला. हिरव्या-पिवळ्याच्या मधोमध लाल डाग होता, डोंगराच्या शिखरासारखा. "ये देखिये," डॉक्टर म्हणाला, "इधर से आँख नुकीली हो रही है." मग दादाला दूरचा तक्ता वाचायला सांगितला. दादाने वरची दोन अक्षरं वाचली आणि थांबला. मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ मला वाचता येत होती.

बाहेर आल्यावर मी एकच अट घातली, वहिनीला आजच्या आज सांगायचं.

त्याने जेवताना सांगितलं. पुतणी समोर बसून वरणभात खात होती. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. ऑपरेशन करावं लागेल का, मुंबईत होतं का, असं काही विचारेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही हिला रोज सकाळी शाळेत सोडता. गाडीने."

"सकाळी उजेड असतो. हळू चालवतो मी."

"समोर एक गाडी असते की दोन?"

दादा ताटातला भात कालवत राहिला.

"मम्मा, व्हॉट हॅपन्ड?" पुतणीने विचारलं.

"काही नाही. जेव तू." मग वहिनी माझ्याकडे वळली. "आणि लोक म्हणतात ना, तुमचा दादा फार जपून खेळतो?"

तिने उठून हुकावरची किल्ली काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. त्या दिवसापासून दादाने गाडीला हात लावला नाही.

अंतिम सामना त्याच आठवड्यात होता. मी दादाला म्हणालो, साहेबाला सांग, नाहीतर तब्येतीचं कारण दे. तो म्हणाला, "जवळचं दिसतंय मला. जवळचं देईन." वहिनी पुतणीला घेऊन मैदानावर आली. ती आधी कधीच आली नव्हती. रेघेच्या टोकाला सतरंजी टाकून बसली.

समोर एका ड्रिलिंग कंपनीची टीम होती. सगळी तरणी पोरं, खांदे दाराएवढे. त्यांना दादाची रीत ठाऊक झाली होती. त्यांनी लांबची बाजू मोकळी सोडली आणि सगळे जवळ येऊन उभे राहिले. चार पावलांच्या जागी दोन मिळू लागली, मग तीही नाही. मध्यंतराला आम्ही मागे होतो. साहेबाने दादाला बाहेर बसवलं आणि लेबनीज इंजिनियरला फेकायला सांगितलं.

त्याने फेकला. उंच, लांब, बघायला सुंदर. समोरच्यांनी पळवला. पुढच्या वेळेला पुन्हा फेकला, पुन्हा पळवला. साहेब टोपी काढून गवतावर बसला. मग दादाला हात केला, "जा."

शेवटच्या प्रयत्नाला आम्ही थोड्याच गुणांनी मागे होतो आणि रेघ समोर पाच-सहा पावलांवर होती. ती ओलांडली की सामना आमचा. मी कोपऱ्यात पळालो आणि उभा राहिलो. माझ्याजवळ कुणी नव्हतं. मी हात वर केला नाही, कारण आता मला माहीत होतं. दादाच्या हातात बॉल आला. त्याने माझ्याकडे तोंड केलं आणि हात मागे नेला, पहिल्या हिवाळ्यात न्यायचा तसा पार खांद्याच्या मागे. समोरचे दोघं चपापून माझ्याकडे धावले. साहेब ओरडला, "येस!"

दादाने फेकला नाही. बॉल पोटाशी धरला आणि स्वतः पळत सुटला. आमच्या नियमात ते चालायचं, पण दादा पळेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. वजन वाढलेला, गुडघे दुखणारा माणूस. रेघेपाशी एकाने त्याच्या कमरेला हात घातला, पट्टी सुटली, दादा पुढे कोसळला आणि शिट्टी वाजली.

पंच शाळेतला पीटी मास्तर होता. त्याने दोन्ही हात वर केले, म्हणजे रेघ पार. ड्रिलिंगवाली पोरं त्याच्या अंगावर गेली. पट्टी आधी सुटली, पाय नंतर पडला, असं त्यांचं म्हणणं. बराच वेळ हुज्जत चालली. पंच बदलला नाही. कप आम्हाला मिळाला, पण टाळ्या अर्ध्याच वाजल्या.

मी दादाला उठवलं. कानाशी विचारलं, "खरंच ओलांडलीस?"

"दोन दिसत होत्या," तो पँटवरचं गवत झटकत म्हणाला. "एक तर नक्की ओलांडली."

वाद तिथेही मिटला नाही. सोमवारी साहेब पँट्रीत म्हणाला, जपून खेळणारा कप जिंकला असं कुणी म्हणू नये, शेवटी त्याने धाडसच केलं. दुसरा कुणी म्हणाला, कुठलं धाडस, पाच पावलं तर होती. उन्हाळ्यात प्रोजेक्ट संपला, दादाने राजीनामा दिला आणि अबुधाबीला त्या इंग्रजाच्या कंपनीत रुजू झाला. मग तर ऑफिसच्या माना डोलल्या. मी लेबनीज इंजिनियरला म्हणालो, "अरे, पण आपण त्यांना हरवलं होतं."

"म्हणूनच," तो म्हणाला. "कुणाला संशय येऊ नये म्हणून." मी डोळ्याचं सांगितलं तेव्हा त्याने मान हलवली. ज्याला नीट दिसत नाही तो क्वार्टरबॅक कसा होईल, असं त्याचं म्हणणं होतं.

अबुधाबीत वहिनीने लायसन्स काढलं. तीनदा नापास झाली, चौथ्यांदा पास. दादाचं ऑपरेशन दोन वर्षांनी मुंबईत झालं, उजव्या डोळ्याचं, आणि चांगलं झालं. आता त्याला मी एकच दिसतो, असं तो म्हणतो.

त्या रेघेचं मात्र माझ्या मनातून गेलं नाही. मी कोपऱ्यात होतो, मला दिसलं नव्हतं. दादाचं काही धरता येत नाही, आणि पंच पीटी मास्तर. सगळ्यात जवळ होती ती वहिनी, रेघेच्या टोकाला, सतरंजीवर. एकदा सुट्टीत पुण्याला सगळे जमलो असताना मी तिला सरळ विचारलं, "वहिनी, खरं सांगा. दादा पार गेला होता का?"

ती मटार सोलत होती. "मला काय माहीत," ती म्हणाली. "मी रेघेकडे बघतच नव्हते. ते पडून डोळ्याला लागतंय की काय, तेवढंच बघत होते."